घरचं गाणं शेवटी

केरू भुवड गाणं ऐकायला बसला की घरात मिक्सर लावायचा नाही, असा नियम आहे. चष्मा कपाळावर, मांडीवर लांबट वही आणि कानात लेकीने, नेत्राने, आणून दिलेले हेडफोन. वहीच्या पानावर पट्टीने आखलेले तीन रकाने असतात. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात काय ऐकू आलं ते, तिसऱ्यात शेरा.

"०.४७. बासरी आत आली. शेरा : उशिरा आली, पण शोभली."

"१.३०. तबला दोन मात्रा गप्प. शेरा : चूक नव्हे. गाणाऱ्याला वाट दिली."

"३.०५. गायकाला स्वतःचाच आवाज आवडू लागला आहे. शेरा : लक्ष ठेवणे."

गाण्यावर असं कोणी लिहीत नाही. लोक लिहितात 'काळजाला भिडलं', 'अंगावर काटा आला', आणि खाली हात जोडलेली तीन चित्रं चिकटवतात. पण केरूची चौतीस वर्षं पोफळीच्या वीजगृहात गेली. हेल्पर म्हणून लागला, ऑपरेटर म्हणून निवृत्त झाला. डोंगराच्या पोटातल्या त्या गारव्यात दर तासाला मशीनसमोर उभं राहायचं, आकडे टिपायचे आणि शेरा लिहायचा, हे त्याचं काम. शेऱ्याच्या रकान्यात काळीज चालत नाही.

मशीनची तब्येत तो आकड्यांच्या आधी कानाने ओळखायचा. नवा इंजिनियर काटे बघत असायचा आणि केरू डोळे मिटून उभा. मोठे साहेबसुद्धा जाता जाता विचारत, "केरू, काय म्हणतंय मशीन?" हा प्रश्न त्याने मेडलसारखा जपून ठेवलाय. अजून चार माणसांत बसला की तो निघतोच. निघाला नाही तर केरू काढतो.

निवृत्तीनंतर दोघं नवराबायको रत्नागिरीत आली, नाचण्याला, नेत्राच्या घराजवळ. इथे मशीन नाही, शिफ्ट नाही. रिकामा कान माणसाला खायला उठतो. पहिलं वर्ष केरूने शेजाऱ्यांचे पंखे आणि पाण्याचे पंप ऐकून काढलं. कोणाचा पंप आठवड्याभरात बसणार हे तो न विचारता सांगायचा, आणि तो बसायचाही, त्यामुळे लोक त्याला जरा टाळूच लागले. शेवटी नेत्राने त्याच्या फोनवर 'कान टवकारून' उघडून दिलं आणि म्हणाली, "बाबा, हिकडं काय ता बोला. हिकडची माणसं तुमच्यासारखीच हायत."

होतीच. 'कान टवकारून' ही पुण्याच्या विनीत नावाच्या माणसाने चालवलेली जागा. दर गुरुवारी एक गाणं ठेवायचं, त्यावर विनीत लांबलचक लेख लिहायचा आणि खाली साडेतीन-चार हजार वेडे त्याची चिरफाड करायचे. कुठे सूर किंचित उतरला, कुठे वादक चुकून हसला, कोणत्या कडव्यानंतर खोलीचं दार लागल्याचा आवाज येतो, असल्या गोष्टींवर तिथे आठवडा आठवडा वाद चालायचे. केरूने भीत भीत आपला पहिला तक्ता टाकला, तेव्हा कोणीतरी खाली लिहिलं, 'काका, हे गाणं आहे, मीटर रीडिंग नाही.' केरूला वाईट वाटलं, पण त्याने पुढच्या गुरुवारी दुसरा टाकला. तिसऱ्या तक्त्यात त्याने एका गाण्यात २ मिनिटं ११ सेकंदांना वादक बदलल्याचं दाखवलं, आणि विनीतने स्वतः तपासून ते बरोबर असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून तो 'केरूकाका' झाला. आता अर्धी मंडळी तीन रकान्यांतच लिहितात. सिंगापूरहून एक बाई 'शेरा' हा शब्द वापरते, हे केरू अनोळखी माणसालाही सांगतो.

घरात मात्र या सगळ्याचं कौतुक करायला एकटी नेत्रा. केरूची बायको गंगा गाणं सुरू झालं की उठून परसात जाते. तिला गाण्याचा कंटाळा आहे, असं केरू लोकांना सांगायचा. खरं तर लग्न झालं तेव्हा गंगा गाणारी होती. दळताना गायची, भात लावताना गायची, गौरीच्या दिवसांत तर बायका तिला बोलवायला यायच्या. मग एका वर्षी ती गायची थांबली. का थांबली ते केरूला माहीत होतं, आणि माहीत असूनही छत्तीस वर्षांत त्याला त्यात काही विचारण्यासारखं वाटलं नव्हतं.

मग तो गुरुवार आला.

त्या गुरुवारचं गाणं देवरुखच्या ईशाने पाठवलं होतं. ईशा कॉलेजात शिकवते आणि भंगारवाल्यांकडून जुन्या कॅसेटी गोळा करते. तिला एका खोक्यात एक कॅसेट मिळाली होती. वर निळ्या शाईत फक्त 'महिला मंडळ, गौरीची गाणी' एवढंच. त्यातलं सगळ्यात शेवटचं गाणं तिने ठेवलं होतं. गायिका अज्ञात. ओळी साध्या होत्या, सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या माळावरच्या.

'सड्यावरची सांज गो, गाय नाही आली,
दिवा लावू कोणासाठी, वाट काळी झाली.'

विनीतचा लेख अकराशे शब्दांचा होता. गाणारी मुलगी अकरा-बारा वर्षांची असावी, असं त्याचं म्हणणं. आवाज कोवळा, पातळ, पेटीच्या काळी पाचपर्यंत चढलेला. साथीला फक्त मृदंग आणि एक तानपुरा. पण काय तानपुरा! तो मुलीच्या षड्जाच्या किंचित खाली लावलेला आहे आणि त्यामुळे सगळ्या गाण्याखाली एक अस्वस्थता वाहत राहते. शिवाय गाणं पुढे जातं तशी मुलगी नकळत वर वर चढत जाते, जणू गाय घराजवळ येते आहे. 'वाट काळी' म्हणताना ती मध्येच श्वास तोडते. तो बालवयाचा कच्चेपणा, की जाणूनबुजून केलेली जागा? खाली दीडशे लोक या श्वासावर भांडत होते. काहींना आवाज गोड वाटला. बऱ्याच जणांना तो कार्टूनमधल्या उंदरासारखा वाटला, आणि त्यांनी तसं लिहिलंही, हसऱ्या तोंडांसकट.

केरूने हेडफोन लावले, वही उघडली, '०.००' लिहिलं आणि पेन तसंच राहिलं.

आधी त्याला ओळखू आला तो ट्रान्सफॉर्मर. मग बायको. हा क्रम त्याने गंगाला अजून सांगितलेला नाही, आणि शहाणा असेल तर सांगणारही नाही.

तो तानपुरा नव्हताच. पोफळीच्या कॉलनीतल्या हॉलच्या खिडकीबाहेर जो ट्रान्सफॉर्मर होता, त्याची ती गुणगुण होती. त्या खिडकीखाली केरूने शेकडो संध्याकाळी कॅरम खेळलाय. आणि ती गाणारी अकरा वर्षांची मुलगी नव्हती. ती तीस वर्षांची होती आणि सात महिन्यांची गरोदर होती.

अठ्ठ्याऐंशी सालच्या गौरी. कॉलनीतल्या बायकांची गाणी टेप करायची आणि चिपळुणातून त्याच्या पन्नास कॅसेटी काढायच्या, ही टूम केरूचीच. टेपरेकॉर्डर त्याचा, जबाबदारी त्याची. पेटीवाला सेकंड शिफ्टला गेलेला, म्हणून नुसत्या मृदंगावर आठ बायका गायल्या. गंगा सगळ्यात शेवटी. कारण पंगतीत घरची माणसं शेवटी बसतात. ज्याचा टेपरेकॉर्डर त्याच्याच बायकोने पहिलं गाणं म्हणायचं, हे केरूला बरं दिसलं नसतं.

कॅसेट आली. सगळ्यांची गाणी चांगली उतरली होती. शेवटी गंगाचं लागलं आणि बायका हसायला लागल्या. "गंगे, शाळेतली पोर गातंय जशी!" त्या वाईट नव्हत्या, पण हसल्या. गंगाने गाणं पुरतं ऐकलं आणि म्हणाली, "ह्यो माजा आवाज नाय." सगळ्या म्हणाल्या, अगो, आपला आवाज टेपवर ऐकला की सगळ्यांना असंच वाटतं. आणि केरू, सगळ्यांत मोठा तांत्रिक माणूस, घरी येऊन तिला समजावत बसला. हाडातून ऐकू येणारा आवाज वेगळा, हवेतून येणारा वेगळा, यात शास्त्र आहे वगैरे. गंगाने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. पुढच्या वर्षी गौरीला ती बायकांच्या मागे उभी राहून नुसत्या टाळ्या देत होती.

आता या वयात, रत्नागिरीत, हेडफोन लावून बसलेल्या केरूने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. कारण ट्रान्सफॉर्मर चुकीच्या सुरात गात होता.

तो उठला, चपला घातल्या आणि रस्त्याच्या कडेच्या डीपीखाली जाऊन उभा राहिला. भर दुपार. फोनवर सूर मोजायचं ॲप उघडून त्याने हात वर केला. ट्रान्सफॉर्मर कुठलाही असो, कोकणातला असो की दिल्लीतला, त्याची गुणगुण विजेच्या पन्नास फ्रीक्वेन्सीच्या दुप्पट, म्हणजे शंभरावर असते. फोनवर शंभरच दिसत होते. मग त्याने एक हेडफोन कानाला लावला.

शेजारच्या आनंदीबाई भाजी घेऊन येत होत्या. त्या थबकल्या. "काय वो केरूभाव, लाईट जातंय काय?"

"नाय. गाणं ऐकतंय."

"डीपीचा?"

केरूने नुसती मान हलवली. आनंदीबाईंनी घरी जाऊन आधी मोबाईल चार्जिंगला लावला, असं पुढे कळलं.

घरी येऊन त्याने गाण्यातली गुणगुण मोजली. सुरुवातीला एकशेसहा. शेवटी एकशेबारा. म्हणजे गाणं पुढे सरकतं तशी गंगाबरोबर ती गुणगुणही चढत होती. गाणारी माणसं भावनेच्या भरात चढतात, मान्य. ट्रान्सफॉर्मर कोणत्या भावनेने चढणार? चढत होती ती टेप. आवाज गंगाचा नव्हताच. बाई खरं बोलत होती.

पण टेप का चढली? केरूने वहीत 'कारण' असा शब्द लिहिला, त्याखाली रेघ मारली, आणि तिथेच त्याला ते सेल आठवले.

टेपरेकॉर्डर मेनवर लावला तर आतल्या टेपमध्ये गुणगुण शिरते. हे सगळ्या कॉलनीत फक्त केरूला माहीत होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. म्हणून उभ्या महाराष्ट्राला वीज देणाऱ्या त्या गावात, चार हातांवर प्लग असताना, त्याने मुद्दाम सेल घातले. आणि सेल नवे कशाला? आपल्याकडे सेल मरत नाही. टॉर्चमध्ये उतरला की रेडिओत जातो, रेडिओत उतरला की घड्याळात, आणि मध्ये मध्ये उन्हात वाळवला की पुन्हा उठून बसतो. केरूने घरच्या दोन टॉर्चमधले चार सेल काढले, भाद्रपदात ऊन पडलं तेवढ्यात पत्र्यावर वाळत घातले आणि टेपरेकॉर्डरमध्ये भरले. पहिली सात गाणी त्या सेलनी कशीबशी काढली. आठव्याला ते धापा टाकू लागले, चाक हळू फिरलं, आणि हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की आवाज पळतो, पातळ होतो, वर चढतो. गुणगुण टाळायला सेल घातले. गुणगुण खिडकीतून आलीच, आणि बायकोचा आवाज मात्र गेला.

मशीनचा श्वास ओळखणारा माणूस. मोठे साहेब ज्याला विचारत तो माणूस. त्याला बायको तोंडावर सांगत होती आणि ऐकू आलं नाही. केरूला भयंकर लाज वाटली. त्या दुपारी त्याने चहासुद्धा नको म्हटलं.

संध्याकाळी त्याने 'कान टवकारून'वर अर्धंच लिहिलं. तानपुरा नाही, ट्रान्सफॉर्मर आहे. गायिकेबरोबर तोही चढतो, म्हणून दोष टेपचा आहे. गाणारी मुलगी नव्हे, मोठी बाई आहे.

गदारोळ झाला. विनीत सहजासहजी मागे हटणारा नव्हता आणि तो नेमका शिकलेलाही इंजिनियरच निघाला. त्याने लिहिलं, 'काका, त्या काळी विजेची फ्रीक्वेन्सी कुठे स्थिर होती? वर-खाली होत असणार.'

या प्रश्नावर केरूची मान त्या दुपारनंतर पहिल्यांदा ताठ झाली. फ्रीक्वेन्सी त्याने चौतीस वर्षं दर तासाला टिपली होती. त्याने लिहिलं, 'संध्याकाळी लोड वाढतो, तेव्हा ती खाली जाते, वर नाही. आणि हलली तरी पन्नासात एकाने हलेल. सहाने हलली असती तर मी आज तुमच्याशी बोलायला नसतो. ईशाताई, त्याच कॅसेटमधलं पहिलं गाणं लावा.'

ईशाने लावलं. त्यात तीच गुणगुण एकशेएकावर होती. कोणी काही बोलायच्या आत विनीतचं उत्तर आलं. 'मी एका ट्रान्सफॉर्मरवर अकराशे शब्द लिहिले. हात जोडले. पण काका, शेवटच्याच गाण्याला टेप का घसरली? आणि तुम्हाला हॉलची खिडकी कशी माहीत?'

चार हजार माणसं बघत होती. 'यंत्रात बिघाड' एवढे दोन शब्द लिहिले असते तर कोणीही पुढे विचारलं नसतं, केरूकाकांचा कान तसाच चकचकीत राहिला असता. केरूने ते दोन शब्द लिहिलेही. मग पुसले, फोन खाली ठेवला आणि आत गेला.

गंगा जमिनीवर बसून सुकट निवडत होती.

"गंगा," तो म्हणाला, "ता कॅसेटीतला आवाज तुजा नव्हता."

गंगाने वर पाहिलं नाही. "मी काय बोलली व्हती?"

"सेल उतरलेले व्हते. टॉर्चमधले. मीच घातलेले."

गंगाचे हात थांबले. केरूने मग सगळं सांगितलं, कॅसेट, देवरुखची बाई, पुण्याचा विनीत, डीपी. गंगाने सूप बाजूला सारलं.

"छत्तीस वर्सां," ती म्हणाली. "दर गवरीला बायका बोलवायच्या, गंगे ये, गंगे ये. मना वाटायचा, जाऊन काय करू? माजाच आवाज मना फसवतंय. आनि तुमी मना हाडां आनि हवा शिकवत बसलाव."

"चुकलाच माजा."

"चुकलाच." तिने पदराने हात पुसले. "तेंना काय कलवलाव?"

"अजून काय नाय."

"मंग लिवा. सगला लिवा. आनि माजा नाव घाला, पुरा नाव. मंडळ-बिंडळ नको."

केरू बाहेर आला. वहीचं नवं पान उघडून त्याने पट्टीने रकाने आखले, अगदी सरळ, आणि शुद्ध ऑफिसच्या भाषेत लिहून त्याचा फोटो टाकला.

"सायं. ५.१०. टेप सुरू. सेल जुने, दोन टॉर्चमधून काढून वाळवलेले. शेरा : कंजूषपणा.

५.१५ ते ५.५०. सात महिलांची गाणी. शेरा : सेल उतरत गेले. ऑपरेटरचे लक्ष नाही.

५.५२. गंगा केरू भुवड, पोफळी, गायला बसल्या. घरचे गाणे शेवटी. शेरा : सर्वांत चांगले गाणे सर्वांत वाईट सेलवर.

५.५७. टेप बंद. शेरा : गाणारी बरोबर होती. यंत्र चूक होते. गाणारीने तेव्हाच सांगितले होते, ऑपरेटरने ऐकले नाही. नोंद छत्तीस वर्षे उशिरा. सही, के. धों. भुवड."

टाकलं आणि फोन उपडा ठेवला. आता हसतील, असं त्याला वाटलं. थोडे हसलेही. पण सिंगापूरच्या बाईने लिहिलं, 'शेरा : असा शेरा माझ्या नवऱ्याने एकदा तरी लिहावा.' त्याखाली दोनशे बायकांनी सह्या केल्या. विनीतने आपला लेख काढला नाही. त्यावर आडवी रेघ मारून तो तसाच ठेवला आणि वर 'गायिका अज्ञात' होतं तिथे गंगाचं पूर्ण नाव घातलं.

रविवारी दुपारी ईशाकडून दुरुस्त केलेलं गाणं आलं. तिने ट्रान्सफॉर्मरची गुणगुण पहिल्यापासून शेवटपर्यंत शंभरावर आणून बसवली होती. चार मिनिटं दहा सेकंदांचं गाणं आता साडेचार मिनिटांच्या वर गेलं होतं. नेत्रा आलेली होती. केरूने हेडफोन लावले नाहीत, फोन फळीवर ठेवला. गंगा परसात जायला उठली नाही.

आधी नुसती गुणगुण आली. मग मृदंग. मग एक भरीव, किंचित घोगरा, मातीच्या भिंतीसारखा पक्का आवाज, काळी चारमध्ये, कुठेही न चढणारा. 'सड्यावरची सांज गो...' नेत्राने तोंडावर हात ठेवला. तिने आईचा हा आवाज जन्मात ऐकला नव्हता. केरूने ऐकला होता. दळताना, भात लावताना, पहिल्या दोन-तीन वर्षांत. त्याला वाटलं होतं, तो काळाबरोबर गेला.

गंगा खाली मान घालून ऐकत होती. दुसऱ्या कडव्याला तिने मान वर केली. "ह्यी मी," ती म्हणाली. एवढंच, पण नव्या घरावर नावाची पाटी लावावी तसं म्हणाली.

'वाट काळी'पाशी तो तुटलेला श्वास आला. केरूने पटकन फोन थांबवला. "हतं दीडशे मानसां भांडतायत. ह्यो स्वास मुद्दाम घेतलास काय?"

गंगा हसली. हसताना तिने नेत्राकडे बोट दाखवलं. "हिना लाथ मारलान."

नेत्रा आधी हसली, मग रडली, मग तिनेच वही ओढून लिहिलं, '२.१९. श्वास तुटला. शेरा : बाळाने लाथ मारली.' तो शेरा 'कान टवकारून'वर गेला आणि दीडशे पंडितांचा वाद एका ओळीत मिटला. विनीतने लिहिलं की इतक्या वर्षांत एवढं पक्कं विश्लेषण त्याने वाचलेलं नाही. केरूने ते वाक्य दोघींना तीनदा वाचून दाखवलं. बायकोचं कौतुक आणि ते पुण्याहून, म्हणजे तीनदा वाचायलाच हवं.

मग सगळे मागे लागले. चार हजार माणसं म्हणत होती, बाई अजून गातात का? केरूने विचारायचं धाडस केलं नाही. तो नुसता फोन हातात धरून बसला होता.

गंगाच उठली. तिने सुकटीचं सूप आत ठेवलं, हात धुतले, पाण्याचा एक घोट घेतला आणि भिंतीला टेकून बसली. पदर नीट केला.

"घ्या," ती म्हणाली. "टेप करा काय ता."

केरूने घाईघाईने फोन तिच्यासमोर धरला. बोट बटणावर नेलं.

"थांबा." गंगाने हात वर केला. "चार्जिंग किती हाय?"

केरूने बघितलं. "ब्यान्नव टक्के. रगड हाय की गो."

"लावा चार्जिंगला."

"अगो, ब्यान्नव..."

"शंभर होवंदे," गंगा म्हणाली. "छत्तीस वर्सां थांबलंय. आठ टक्के अजून थांबतंय."

केरू उठला आणि चार्जर शोधायला आत गेला.